न दिलेला हात

फडेप्पा दरेप्पा चौगुले हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते बेळगावात, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर, भर पावसात. सर आम्हाला पी.टी. शिकवायचे. पाऊस लागला की झाडाखाली उभं करून गोष्टी सांगायचे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यातली पोरं बघून सर दोराबजी टाटांनी मनावर घेतलं आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपला संघ गेला. त्यात आपल्या बेळगावचे चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. "दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंद," असं सर म्हणायचे, घरातल्या माणसाची जन्मवेळ सांगावी तसं.

१९८४ साली मी नववीत होते. माझं धावणं बंद करायचं असं घरात ठरलं होतं. सर संध्याकाळी आमच्याकडे आले आणि आप्पांसमोर बसले. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये आठशे मीटर धावून बायका थकल्या, म्हणून ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली होती. मॅरेथॉन तर त्यांना या वर्षी पहिल्यांदा मिळाली, हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून आप्पांच्या हातात दिलं. लॉस एंजेलिसला जिंकलेल्या जोन बेनॉइटचा फोटो असेल असं मला वाटलं होतं. तो होता सदतिसाव्या आलेल्या स्वित्झर्लंडच्या गाब्रिएला आंडरसनचा. अंग एका बाजूला कललेलं, एक हात लुळा. स्टेडियममधली शेवटची फेरी पुरी करायला तिला पावणेसहा मिनिटं लागली. डॉक्टर शेजारून चालत होते. तिच्या अंगाला घाम आहे एवढं बघून त्यांनी तिला जाऊ दिलं. हात लावला असता तर ती बाद झाली असती.

आप्पा बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले.

तेव्हाच सरांनी दोरांदो पिएत्रीची गोष्ट सांगितली. १९०८, लंडन. हा इटालियन सगळ्यांच्या पुढे स्टेडियममध्ये शिरला, उलट्या दिशेला वळला, पुन्हापुन्हा कोसळला. अधिकाऱ्यांना बघवेना. त्यांनी त्याला उठवलं, सावरलं, रेषेपर्यंत आणलं. त्या मदतीपायीच तो बाद ठरला आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला गेलं. राणी अलेक्झांड्रानं दुसऱ्या दिवशी पिएत्रीला चषक दिला खरा. पण माझं लक्ष अडकलं ते त्याला उठवणाऱ्या त्या हातांत. त्यांत वाईट काहीच नव्हतं. असतं तर राग तरी धरता आला असता.

माझी वेळ आली १९९३ साली. परगावची शर्यत, माझी पहिली पूर्ण मॅरेथॉन. सर रात्रीच्या एस.टी.नं आले होते. अडतिसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत असे गोळे आले की मी रस्त्यावर बसलेच. पाण्याचं टेबल उचललेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यात समोर सर दिसले. मी हात पुढे केला.

त्यांनी तो धरला नाही.

"उठ की गं," एवढंच म्हणाले. मी उठले. उरलेलं सगळं अंतर ते फुटपाथवरून माझ्याबरोबर चालले. दोन्ही हात पाठीमागे आणि त्यांत ती काळी छत्री, बेळगावचा माणूस जी उन्हाळ्यातही घरी ठेवत नाही. एका वळणावर मी एक पाऊल मागे पडले, तेव्हा त्यांच्या मुठी दिसल्या. छत्रीच्या दांड्यावर बोटं इतकी घट्ट आवळलेली होती की पेरं पांढरीफटक पडली होती. माझ्यापेक्षा त्यांनाच ते जड जात होतं, हे मला त्या मुठींनी सांगितलं.

मी पोहोचले तेव्हा कमान उतरवून झाली होती. रस्त्यावरची चुन्याची रेघ तेवढी शिल्लक होती. मी ती ओलांडली आणि मग सरांनी छत्री खाली टाकून मला दोन्ही हातांनी धरलं. रडत मी होते की ते, आता सांगता यायचं नाही.

पुढे नोकरी, लग्न, आप्पांचं आजारपण, सगळ्यात माणसं मदतीला धावून आली. त्यांचेही उपकार आहेतच. पण ती शर्यत माझी मलाच पुरी करू दिली ती सरांनी.

सर २०११ साली गेले. छत्री त्यांच्या मुलीनं मला दिली. दांड्याचं पॉलिश हात लागून लागून गेलेलं आहे, ते मी तसंच ठेवलंय.

रविवारी पहाटे साडेपाचला मी व्हॅक्सिन डेपोवर असते. आठ-दहा मुली येतात. तुमच्या घरातल्या मुलीला धावायचं असेल तर पाठवा. फी नाही, बूट नसले तरी चालतं. शेवटची मुलगी येईपर्यंत मी तिथून हलत नाही.