आमच्या संगणकाची मूर्च्छा

संगणक सुरू होईनासा झाला म्हणजे घरांतील प्रत्येक मनुष्य वैद्य बनतो, हा अनुभव पुष्कळ वाचकांस असेल. गेल्या कार्तिकांत आम्हांसही तो आला. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि उभा जन्म मुलांकडून शब्दांचीं रूपें घोकवून घेण्यांत घालविलेल्या मनुष्यानें यंत्राच्या दुरुस्तीविषयीं लिहावें, हें कांहींस धारिष्टाचें वाटेल. परंतु त्या यंत्रांत काय होतें तें कळलें म्हणजे वाचक क्षमा करतील.

आमचें गांव माकणी, धाराशिव जिल्ह्यांत तेरणेच्या कांठीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं या मुलखांत भूकंप झाला. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचें जाड माळवद, अशीं इकडचीं घरें. उन्हाळ्यांत तीं थंड राहत. त्या पहाटे तींच माणसांच्या अंगावर आलीं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गांवांतून मिळून सुमारें आठ हजार माणसें गेलीं. आमच्या घरचीं माणसें ईश्वरकृपेनें वांचलीं. वडिलांची लांकडी पेटी मात्र ढिगाऱ्याखालीं गेली, आणि ती हातीं लागेपर्यंत पावसानें आंतील कागदांचा लगदा झाला होता. घराण्याची वंशावळ, व्रतांच्या कहाण्या, लग्नकार्यांतील ओव्या, सर्व कांहीं त्या पेटींत होतें.

उरलें तें वहिनींच्या कंठांत. आमची आई लवकर वारली. वहिनी घरांत आल्या तेव्हां आम्ही आठ वर्षांचे होतों. त्यांनींच आम्हांस न्हाऊंमाखूं घातलें. २०१२ सालीं घरांत संगणक आला, तेव्हां आम्हीं त्यांस म्हटलें, "वहिनी, तुम्ही सांगत चला, मी उतरून घेतो." त्यांनीं त्या काळ्या पेटीकडे संशयानें पाहिलें व म्हणाल्या, "भावजी, माझ्या ओव्या राहतील का हो त्यांत? उंदीर तर नाहीं ना शिरायचे?"

चार हिंवाळे हें काम चाललें. इन्स्क्रिप्ट नांवाची कळफलकाची मांडणी आम्हांस फार आवडली. स्वर डाव्या हातास, व्यंजनें उजव्या हातास. अल्पप्राण सरळ उमटतो, आणि तीच कळ शिफ्टसह दाबली कीं महाप्राण. पाणिनीच्या शिष्यानेंच ती बसविली असावी असें वाटे. दोनशेंहून अधिक पानें झालीं. २०२१ सालीं वहिनी गेल्या. पुढें यंत्रास हात लावावासा वाटेना. त्यांच्याच जुन्या पातळाचा तुकडा त्यावर घालून ठेविला. दुसरी प्रत काढून ठेवावी असें नातवानें दोनदां सुचविलें होतें. दोन्हीं वेळां आम्ही "उद्यां" म्हणालों.

मार्गशीर्षांत दादांच्या नातीचें लग्न निघालें. घाणा भरतांना म्हणावयाच्या ओव्या घरांतील बायका आठवूं लागल्या, तों चारांपुढें कोणाचीच गाडी सरकेना. आमच्या कुटुंबानें म्हटलें, "संगणकांत आहेत कीं सगळ्या!" पातळ काढलें, बटण दाबलें. दिवा नाहीं, पंखा नाहीं, आवाज नाहीं. पुन्हां दाबलें. तेंच.

मग उपचार सुरू झाले. दादांनीं पेटी उन्हांत ठेवण्यास सांगितलें. पुण्याहून पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, फार जुनी झाली ती पेटी. भंगारांत द्या, मी लॅपटॉप पाठवतो." एका दुरुस्ती करणाऱ्यास बोलावलें. त्यानें झांकण न उघडतांच निदान केलें, "मदरबोर्ड गेला, आंतलें कांहीं मिळायचें नाहीं." धूर न पाहतांच अग्नीचें अनुमान करणारा हा नवा नैयायिक आम्हांस नमस्कारापुरताच पुरे झाला, परंतु त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. त्र्याण्णव सालचा तो लगदा आम्हीं स्वतःच्या हातांनीं बाजूस केला होता. आतां दुसऱ्यांदा तसें झालें तर दोष भूकंपाचा नव्हता, आमच्या "उद्यां"चा होता.

सकाळीं नातू, अकरावींत आहे, म्हणाला, "आजोबा, आपणच पाहूं. एका वेळेला एकच गोष्ट बदलायची, म्हणजे चूक सांपडते." आम्हांस हंसूं आलें. न्यायशास्त्रांत यासच अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एक असतां दुसरें असतें, एक नसतां दुसरें नसतें, हें तपासल्यावांचून कारण ठरवावयाचें नाहीं. एरवीं आमच्या शास्त्रास घरांत कोणी विचारीत नाहीं. त्या दिवशीं तें उपयोगीं पडलें.

प्रथम भिंतींतील सॉकेट. त्यांत टेबलाचा दिवा लावला, तो लागला. मधला वायरबोर्ड काढून संगणक थेट भिंतीस जोडला, कांहीं नाहीं. पडद्यास वीज नेणारी दोरी तशाच जातीची होती, ती काढून पेटीस लावली, कांहीं नाहीं. पेटीच्या पाठीमागें एक लहान खटका असतो, केर काढतांना तो खालीं पडला म्हणजे भलेभले फसतात. आमचा वरच होता. त्याच्या शेजारीं तांबडी पट्टी होती. तीवर ११५ व २३० हे आंकडे. आपल्याकडे ती २३० वरच असली पाहिजे, मुलांनीं खेळतांना ती सरकविली तर पेटी जळते. ती जागेवर होती.

दोरी काढून ठेवून, बटण एकदां दाबून उरलीसुरली वीज उतरविली आणि मग झांकण उघडलें. आंत धूळ व कोळिष्टकें. ती हळूच झटकली. नातवानें सांगितलें कीं, समोरचें बटण म्हणजे विजेचा खरा खटका नव्हेच. तें केवळ दोन बारीक खिळ्यांस क्षणभर जोडून आंत वर्दी देतें. दोरी पुन्हां लावून त्यानें पेंचकसाच्या टोंकानें ते दोन खिळे जोडून पाहिले. यंत्र निपचित. म्हणजे बटण निर्दोष.

आतां एसएमपीएस. ही आंतली एक लोखंडी डबी. भिंतींतील २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून अवयवांस पुरविते. तिच्यांतून निघणाऱ्या जुडग्याच्या टोंकाशीं २४ छिद्रांचा जोड असतो. तो मदरबोर्डापासून सोडवून, दोरी काढलेलीच असतांना, त्यांतील हिरव्या तारेचें छिद्र व काळ्या तारेचें छिद्र कागद अडकविण्याच्या तारेच्या क्लिपेनें जोडावयाचें आणि मग वीज द्यावयाची. डबी जिवंत असेल तर सहसा तिचा पंखा फिरतो. आमचा फिरला नाहीं. (ती डबी मात्र कोणीं उघडूं नये. दोरी काढल्यावरही तिच्यांत झटका बसेल इतकी वीज सांठून राहते.)

नातू उडी मारून म्हणाला, "आजोबा, पंप जळला म्हणजे विहीर आटली का? तुमचीं पानें हार्ड डिस्कवर आहेत, ती निराळी वस्तु!" हें वाक्य ऐकून आम्ही तेथेंच जमिनीवर बसलों. इकडे वीज जाते आणि परत येते ती कधीं कधीं दणका देऊन येते. डबी त्यानेंच गेली असावी.

दुसऱ्या दिवशीं एस.टी.नें उमरग्यास जाऊन नवी डबी आणली. ती बसविली, बटण दाबलें, आणि पंखा फिरला! घरांत आरडाओरडा झाला. दादा देवघरांतून उठून आले. पण पडदा काळाच, आणि आंतून एक लांब शीळ वारंवार येऊं लागली. सर्वांचीं तोंडें उतरलीं. नातू मात्र खूष. मुकें यंत्र बोलूं लागलें, आतां काय दुखतें तें तरी सांगतें आहे, असें तो म्हणाला. या शिटीचे अर्थ प्रत्येक कारखानदाराचे निराळे असतात. त्याला संशय स्मरणपट्टीचा, म्हणजे रॅमचा आला. वीज तोडून ती पट्टी काढली. तिच्या सोनेरी कडेवर मळाचा थर होता. "खोडरबर आहे का, आजोबा?" त्यानें विचारलें. पस्तीस वर्षें शाळेंत काढलेल्या मनुष्याच्या खिशांत दुसरें काय असणार! हलक्या हातानें कड घांसली, भुगा पुसला, पट्टी दोन्हीं बाजूंस टक् होईपर्यंत दाबून बसविली.

पडदा उजळला.

परंतु त्यावर आलेली तारीख पाहून आम्ही चमकलों, १ जानेवारी २०१२. मदरबोर्डावर रुपयाएवढी चपटी बॅटरी असते, वीज नसतांना घड्याळ तीच चालविते. ती संपली म्हणजे यंत्र आपल्या जन्मकाळाजवळ परत जातें. ओव्यांचें पहिलें पान लिहिलें तें वर्ष. वहिनी तेव्हां ओसरीवर बसून तांदूळ निवडीत असत. नातू तारीख सुधारावयास निघाला, त्यास आम्हीं म्हटलें, "राहूं दे रे जरा."

पानें सर्व होतीं. त्याच दिवशीं तीन प्रती काढल्या. एक पुतण्याकडे पुण्यास गेली, एक दादांच्या कपाटांत, आणि तिसरी कागदावर छापून घेतली. मग आमच्या कुटुंबानें, सूनबाईनें व नवरीनें घाण्याच्या ओव्यांचें पान उघडलें. चार ओव्या बरोबर निघाल्या. जी कोणास आठवत नव्हती ती पांचवी. तिच्या जागीं कंसांत आमच्याच हातची एक ओळ होती: येथें वहिनींस आठवेना, उद्यां सांगतें म्हणाल्या.

कोणी कांहीं बोललें नाहीं. नंतर आमच्या कुटुंबानें चष्मा सारखा केला व म्हटलें, "बरें, मग सहावीपासून घेऊं."