कोपर ओढू नका, मुलाला खेळू द्या

संपादकांनी ‘मोबाइल आणि मुले’ या विभागासाठी लेख मागितला. मी मोबाइलचे तोटे सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण मी आदिलाबादमध्ये फिजिओथेरपी करतो आणि हात दुखावलेल्या मुलांना स्वतःच व्हिडिओ गेम खेळायला बसवतो.

पैनगंगेकाठच्या गावातला एक मुलगा यंदा आला, तो अजून मनातून जात नाही. झाडावरून पडून कोपराच्या वर दंडाचे हाड मोडले होते. हे सुप्राकाँडायलर फ्रॅक्चर. मुलांच्या कोपराला होणाऱ्या फ्रॅक्चरमध्ये सर्वांत जास्त आढळणारे. प्लास्टर काढल्यावर कोपर आखडलेले असतेच. घरच्यांनी मात्र घाबरून रोज तेल लावून हात ताणला. अशा जबरदस्तीने क्वचित दुखावलेल्या स्नायूतच नवे हाड तयार होते. त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. त्या मुलाच्या एक्स-रेत ते स्पष्ट दिसत होते.

दुसऱ्याने हलवलेला हात आणि मुलाने स्वतः हलवलेला हात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी सांगून थकलो. मूल स्वतः हात लांब करते तेव्हा दंडामागचा स्नायू आवळतो आणि पुढचा आपोआप सैल पडतो. कुणी ओढले, की भीतीने तोच पुढचा स्नायू घट्ट होतो. तरीही आईबाप विचारतात, “डॉक्टर, तुम्ही तं नुसता खेळ खेळवता, मालीश कधी कराल?”

मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये किनेक्ट आणला. हातात काही न धरता शरीराची हालचाल टिपणारा हा कॅमेरा जगभरच्या फिजिओथेरपी विभागांत पोहोचला. २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. आता लॅपटॉपच्या साध्या कॅमेऱ्यावरही सांधे ओळखता येतात. पडद्यावरचे फळ तोडायचे तर हात लांबवावाच लागतो. मूल फळाकडे पाहते, दुखण्याकडे नाही. मात्र पळवाटही तेच शोधते: खांदा उचलते, कमरेतून झुकते. कोपर वाकडेच राहते आणि गुण मिळत जातात. म्हणून पाठ खुर्चीला टेकली आहे ना, हे पाहायला मी शेजारी बसतो. अंगठ्याने खेळायच्या मोबाइल गेमचा कोपराला काही उपयोग नाही.

२०१४ मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. प्लास्टरने किंवा तारा घालून बऱ्या केलेल्या सुप्राकाँडायलर फ्रॅक्चरनंतर फिजिओथेरपीचा वेगळा फायदा त्यांना दिसला नाही. माझ्या व्यवसायाला हे वाचणे जड जाते, पण मला ते पटते. अशा बहुतेक मुलांना अंगण पुरते. ऐन कापूस वेचणीत मजुरी बुडवून आदिलाबादला खेपा घालायला मी त्यांच्या आईबापांना सांगत नाही.

गेमची खरी गरज नस दुखावलेल्या, भाजून कातडी आखडलेल्या आणि जन्मताना खांद्याची नस ताणली गेलेल्या मुलांना आहे. त्यांना एकच हालचाल महिनोन्‌महिने करायची असते आणि सात वर्षांचे मूल ती केवळ व्यायाम म्हणून करत नाही. जिल्ह्यात या मुलांसाठी कॅमेरा, पडदा आणि शेजारी बसणारा प्रशिक्षित माणूस हवा. तिन्हींत माणूस आधी.