पाच सेकंदांचं आवर्तन

रात्रीचे साडेअकरा. शेजारचा टीव्ही एकदाचा थांबला, तशी खिडकीवर गोधडी टांगली आणि तांदळाच्या डब्यासमोर माइक ठेवला. रिकामा डबा नुसता घणघणतो. अर्धा भरला की तांदूळ ती घणघण गिळतात, उरतो गोल, दबका ठोका. किसणीवर चमचा ओढला, झाली खंजिरी!

ताल रूपक. मिनिटाला 84 मात्रांची लय धरली की सात मात्रा बरोबर 5 सेकंदांत बसतात. पण तुकडा फिरवत ठेवला की जोडावर दर वेळी ‘टक्’. तासभर डोकं खाजवलं. कारण साधंच निघालं: आवाजाची लाट शून्यावर यायच्या आधीच मी ती कापली होती. काप केसभर सरकवला, टक् गेली. मग टेप मंदावावी तसा वेग निम्मा केला. आवाज सप्तकभर खाली उतरला आणि डब्याचा नगारा झाला.

1948 साली पॅरिसमध्ये पिएर शेफरनं रेल्वेचे आवाज तबकडीच्या बंद खाचेत फिरवून रचना केली. संगणक नसताना! माझी तक्रार तिथेच विरली.

तिसरी मात्रा जराशी मागे पडली होती. संगणकाकडून सरळ करून घेतली, तर सगळं आवर्तनच मेलं. पुन्हा होती तशी केली. तो अडखळणारा तुकडाच ठेवला. बाकीचे अकरा पुसून टाकले.