दहा यार्ड, चार संधी

अमेरिकन फुटबॉल शिकायला जाणाऱ्याच्या हाती पहिल्या दिवशी चेंडू येत नाही. आधी उभे राहायला शिकवतात. पाय खांद्यांइतके फाकवायचे, गुडघ्यांत वाकायचे, पाठ सपाट ठेवायची, एका हाताची बोटे जमिनीला टेकवायची आणि नजर समोर. खेळाचे नाव फुटबॉल असले तरी दोन्ही टोकांना निमुळता असलेला तो चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो. एवढे अंगवळणी पडेपर्यंत नवशिक्याची पहिली सकाळ निघून जाते.

आमची बाजी मिशिगन राज्यात डिअरबॉर्न शहराजवळ राहते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो होतो. तिथल्या मैदानावर दर रविवारी मोठी माणसेही खेळायला येत. दहा वर्षांच्या भाच्याने आम्हाला ओढत नेले. सांगितल्याप्रमाणे आम्ही वाकलो, तर तो ओरडला, "मामू, हा रुकू नाही! डोकं वर ठेवा!" डोके वर ठेवणे हाच या खेळातला सर्वांत मोठा धडा आहे, हे आम्हाला पुढे कळले.

ही मंडळी फ्लॅग फुटबॉल खेळत. त्यात कोणाला पाडायचे नसते. कमरपट्ट्याला फिती लटकतात. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याची फीत ओढली की डाव तिथेच थांबतो. हेल्मेट घालून खेळतात तो मूळ खेळ धसमुसळा. त्यात एका बाजूला ११ खेळाडू आणि दोन गोलरेषांत १०० यार्ड अंतर. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना ४ संधी. त्यांना डाउन म्हणतात. चार संधींत १० यार्ड पुढे सरकले की नव्याने ४ संधी, नाही सरकले तर चेंडू दुसऱ्यांचा. गोलरेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे ६ गुण. सगळे मैदान कोणी एका दमात मागत नाही. मागतात ते दहा यार्ड. नापास होण्याच्या भीतीने गोठलेली मुले रोज पाहणाऱ्या आमच्यासारख्याला हा हिशेब फार आवडला.

आमच्या वाट्याला धावणे आले. पाच पावले सरळ, मग आत वळायचे आणि हात पुढे करायचे. चेंडू छातीच्या वर आला तर दोन्ही अंगठे एकमेकांजवळ, कमरेखाली आला तर करंगळ्या एकमेकींजवळ. आम्ही वळण्याआधीच चेंडू हवेत सुटलेला असे. फेकणारा आपण उभे आहोत तिथे फेकत नाही. आपण जिथे पोहोचणार तिथे फेकतो. तिसऱ्या रविवारी एक चेंडू आमच्या हातात टिकला. भाच्याने मैदान डोक्यावर घेतले.

या पोराच्या वेडामागे एक शाळा आहे. डिअरबॉर्नमध्ये १९२८ साली सुरू झालेली फोर्डसन हायस्कूल. फोर्ड कंपनीच्या मोटार कारखान्यामुळे या शहरात अरब कुटुंबे येऊन वसली. आता शाळेतले बहुसंख्य विद्यार्थी अरब वंशाचे मुस्लिम आहेत आणि संघाचे नाव आहे ट्रॅक्टर्स! २०१० साली रमजान ऑगस्टच्या उन्हात आला. नेमका तोच सरावाचा महिना. रोजा ठेवून, पाण्याचा घोट न घेता, जड हेल्मेट घालून धावायचे कसे? तेव्हा सरावाची वेळच रात्री ११ ते पहाटे ४ अशी ठेवण्यात आली. सराव संपला की सहरी. रशीद गाझी यांनी २०११ साली या संघावर माहितीपटही काढला. भाच्याला तो जवळपास पाठ आहे.

त्याचा दुसरा नायक हुसैन अब्दुल्ला. या खेळाडूने भावाबरोबर हज करता यावे म्हणून २०१२ चा हंगाम सोडला. परत आल्यावर २९ सप्टेंबर २०१४ च्या सामन्यात टॉम ब्रॅडीने फेकलेला चेंडू त्याने मधेच पकडला, टचडाउन केला आणि तिथेच सजदा केला. पंचांनी दंड केला. दुसऱ्या दिवशी लीगनेच सांगितले की दंड व्हायला नको होता.

आणि मग एका रात्री जेवताना भाच्याने विषय काढला. त्याला आता फिती नको होत्या, हेल्मेट हवे होते. बाजीने ताट सरकवले आणि आमच्याकडे पाहिले. "तू मास्तर आहेस, तूच सांग."

काय सांगणार? २००२ साली बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरांनी माइक वेबस्टर या नामवंत खेळाडूच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी केली. वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांनी झालेली हानी त्यात दिसली. हेल्मेट कवटी वाचवते. आतला मेंदू हलायचा तो हलतोच. हुसैन अब्दुल्लाही २०१६ साली अशाच धक्क्यांमुळे खेळातून निवृत्त झाला. हे शेवटचे ऐकून भाचा गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "पण मामू, शाळेत मी फुटबॉल खेळतो म्हणूनच मला सगळे ओळखतात."

या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. ते पोर खेळ मागत नव्हते, त्या देशातली आपली जागा मागत होते. बाजीलाही ते कळले. शेवटी ठरले ते असे: चौदा वर्षांपर्यंत फक्त फिती, पुढचे पुढे. फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घेतला आहे, हे सांगितल्यावर त्याचा चेहरा जरा खुलला. बोटे मोजून म्हणाला, "चार वर्षं. म्हणजे चार डाउन!"

आमच्या उर्दू शाळेत सातवीनंतर मुलीला बाहेरच्या शाळेत पाठवू का, असे विचारणारे पालक दरवर्षी येतात. पोरगी आपली राहील ना, ही धास्ती त्यांच्या डोळ्यांत असते. आम्ही त्यांना फोर्डसनची गोष्ट सांगतो. त्या मुलांनी रोजा सोडला नाही आणि मैदानही सोडले नाही. पण त्यासाठी कोणाला तरी वेळापत्रक बदलावे लागले, हेही सांगतो. ते बदलण्याचे काम मुलांचे नसते. ते आम्हा मोठ्यांचे, मास्तरांचे आणि पंचांचे असते.