यंत्राच्या पैशाचा हिशेब

पुण्याच्या रविवार पेठेतील त्या दुकानात लग्नपत्रिकांचा व्यवसाय दोन पिढ्या चालला होता. २०२४ च्या चातुर्मासात, लग्नसराई थांबलेली असताना, मागच्या खोलीतील मिनी ऑफसेट यंत्र विकले गेले. पत्रिका आता बाहेरून छापून मिळत होत्या आणि पुष्कळ गिऱ्हाइके छापील पत्रिकेबरोबर मोबाइलवर धाडण्याची व्हिडिओ पत्रिकाही मागत होती. यंत्राचे पावणेदोन लाख आले. ती रक्कम ठेवीत टाकून दुकान हळूहळू आवरते घ्यावे, असे वडिलांच्या मनात होते. उपयोजित कलेची पदवी घेऊन आलेल्या लेकीने नेमकी तीच रक्कम मागितली. ग्राफिक डिझाइन आणि व्हिडिओ संपादन या दोन्ही कामांसाठी तिला सुटे भाग निवडून एक संगणक जुळवून घ्यायचा होता.

वडिलांनी नकार दिला नाही. "आधी हिशेब दाखव," एवढेच ते म्हणाले. पूर्वी एका विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून त्यांनी 'डिझाइनसाठी उत्तम' असा तयार संगणक घेतला होता आणि ऐन वैशाखात तो गिऱ्हाइकासमोर गोठून बसत असे.

लेकीकडे हिशेब तयार होता, आणि तो वहीत होता. पंधरा दिवस तिने जुन्या संगणकावर नेहमीची कामे करताना टास्क मॅनेजर उघडा ठेवून कोणता भाग केव्हा भरतो याची नोंद केली होती. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर एकत्र उघडले की ८ जीबी रॅम संपून जाई. मग संगणक हार्ड डिस्कलाच कामचलाऊ स्मृती म्हणून वापरू लागे आणि प्रोसेसर रिकामा ताटकळत राही. कॅमेऱ्यातील फोर-के चित्रण प्रीमिअर प्रोमध्ये घेतले की उलटे घडे. प्रोसेसर शंभर टक्के गुंतलेला, आणि चित्र मात्र अडखळत पुढे सरके. माल कुठे अडतो ते आधी पाहावे आणि मग तिथेच पैसा घालावा, ही रीत वडिलांना नवी नव्हती. त्यांनी वही दोनदा वाचली आणि डेक्कन क्वीनची दोन तिकिटे काढायला सांगितली.

दादरला गाडी बदलून दोघे ग्रँट रोडला उतरले. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने यादी पाहिली आणि ती लगेच सुधारून दिली. ग्राफिक्स कार्ड एक पायरी वरचे, पेटीत रंगीत दिवे, आणि एवढे सगळे त्याच रकमेत. मेळ बसला तो दोन ठिकाणी काटछाट करून. प्रोसेसर नावाच्या शेवटी 'एफ' असलेला सुचवला होता आणि वीजपुरवठ्याचा डबा कुठल्याशा अनोळखी बनावटीचा होता.

लेकीने दोन्ही नाकारले. 'एफ' प्रोसेसर स्वस्त असतो, कारण त्यात अंगचे ग्राफिक्स चालू नसते. आणि या कामाला तर तेच हवे होते. कॅमेरे चित्रण एच.२६५ सारख्या पद्धतीने घट्ट दाबून साठवतात. संपादन करताना ते क्षणोक्षणी उलगडावे लागते आणि इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समधील क्विक सिंक हा भाग ते काम उचलतो. लग्नाचे छायाचित्रकार आता ४:२:२, १०-बिट चित्रण देऊ लागले आहेत. यादीतील आरटीएक्स ४०६० च्या पिढीची कार्डे ते स्वतः उलगडत नाहीत. म्हणून तिने १४ कोअरचा आय-फाइव्ह १४५०० कायम ठेवला. ग्राफिक्स कार्ड इफेक्ट, रंगसंस्कार आणि अंतिम फाइल काढण्यासाठी लागणारच होते. पण ८ जीबीचे मधल्या किमतीचे तिला पुरेसे होते. वाचलेला पैसा १६ जीबीच्या दोन रॅम पट्ट्या, चालू कामासाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि पूर्ण झालेल्या कामासाठी ४ टीबीची साधी हार्ड डिस्क यांत गेला. साधी डिस्क सेकंदाला दीड-दोनशे एमबी वाचते, तर चांगली एनव्हीएमई काही हजार. जुने काम जपून ठेवायला मात्र साधी डिस्क पुरते.

वीजपुरवठ्याबद्दल तिला बोलावे लागले नाही. कमी-जास्त दाबाने एकदा छपाईयंत्राची मोटर जळाली होती, वडील स्वतःच म्हणाले, "डबा नावाजलेलाच द्या, आणि यूपीएसही लिहा."

मग दुकानदाराने आवाज उतरवून बिलाशिवायचा भाव सांगितला. मागच्या खुर्चीवर शांत बसलेले वडील तेव्हा पुढे आले. पक्के बिल नसेल तर १८ टक्के जीएसटीची वजावट बुडते आणि वॉरंटीसाठी उद्या हातात कागद उरत नाही, हे तर होतेच. पण त्यांनी चर्चा अशी केलीच नाही. "आमच्या पेढीत तसे नाही," म्हणाले, आणि प्रत्येक खोक्यावरचा अनुक्रमांक बिलावर लिहून घेतला. या अर्ध्या तासात लेक गप्प बसून शिकत होती.

खरा वाद मॉनिटरवरून झाला. जुना चालतो आहे, मग नवा कशाला? पंचवीस हजार वाचतील, असे वडिलांचे म्हणणे. लेकीने पिशवीतून एक पत्रिका काढली. मागच्या हंगामात पडद्यावर कुंकवासारखा दिसलेला रंग छापून विटकरी आला होता. पाचशे पत्रिका परत घेऊन पदरच्या पैशाने पुन्हा छापाव्या लागल्या होत्या. जुन्या पडद्यावर मान जरा हलवली तरी रंग बदले. दुकानातील २७ इंची आयपीएस पडद्यावर तिने तीच फाइल उघडली आणि वडिलांना डावीकडून, उजवीकडून, उभे राहून पाहायला लावले. रंग हलला नाही. मग तिने हेही सांगितले की पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि कागद शाईने, त्यामुळे दोन्ही तंतोतंत कधीच जुळणार नाहीत. मुद्रकाचे प्रोफाइल लावून छपाईतला फिकेपणा आधी पाहून घ्यावा लागेल. हे तिने झाकले नाही, म्हणूनच बहुधा वडिलांनी मॉनिटरचे पैसे दिले.

पेटी आणि मॉनिटर ट्रान्सपोर्टने पाठवून, बाकीचे भाग मांडीवर घेऊन दोघे परतीच्या डेक्कन क्वीनमध्ये बसले. कर्जत येण्याआधी, उजेड असतानाच, डबा उघडून जेवण उरकले.

रविवारी मागच्या खोलीत, जिथे फरशीवर छपाईयंत्राच्या चार पायांचे डाग अजून होते, तिथे लेकीने सुटे भाग जुळवले. वडील विजेरी धरून उभे होते. मदरबोर्डवर रॅमच्या चार खाचा होत्या, दोन पट्ट्या बसल्या.

"या दोन रिकाम्या का ठेवल्यास, बेटा?"

"पुढच्या हंगामाला लागतील, पप्पा."

वडिलांनी विजेरी जरा जवळ नेली आणि त्या दोन खाचा नीट पाहून घेतल्या.