एक हात जास्तीचा

परवा भाच्याचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, कारण माझे हात कणकेत. "मावशी, तू अजून लोहारकाम करतेस का गं?" असं त्याने खणखणीत आवाजात विचारलं आणि स्वयंपाकघरात बसलेल्या आमच्या जाऊबाईंनी माझ्याकडे जे काही पाहिलंय! त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण "म्हणजे खेळातलंच ना?" यापुढे गाडी गेली नाही. तर ते राहिलेलं इथे सांगते.

फायनल फँटसी १४ नावाचा एक ऑनलाइन खेळ आहे. २०१० साली पहिल्यांदा आला तो सपशेल आपटला, मग कंपनीने सगळा मोडून नव्याने बांधला आणि २०१३ साली परत आणला. माझा भाचा तो खेळायचा आणि २०१९ मध्ये त्याने मलाही ओढलं. या खेळाचा भारतात सर्व्हर नाही. आम्ही युरोपातल्या सर्व्हरवर खेळतो. म्हणजे सर्व्हर जर्मनीत आणि मी पुण्यात. लढाईत काय होतं, राक्षस हल्ला करणार असला की जमिनीवर एक नारिंगी वर्तुळ उमटतं. त्यातून वेळेत बाहेर सरकायचं. मी सरकायचे. माझ्या पडद्यावर मी चांगली दोन हात बाहेर उभी असायचे, पण जर्मनीच्या मते आतच असायचे. अशा मतभेदात जर्मनीचं मत ग्राह्य धरलं जातं. मी इतक्यांदा मेले की शेवटी भाचाच म्हणाला, "मावशी, तू त्यापेक्षा वस्तू बनव."

कारागिरीत हा त्रास नाही. तिथे घाईच नाही. एक घाव घातला की पुढचा घाव घालेपर्यंत लोखंड तसंच थांबून राहतं. मधे उठून कुकरची शिट्टी बंद करून आलं तरी चालतं. सुतार, लोहार, चिलखतं घडवणारा, सोनार, चामड्याचं काम करणारा, विणकर, किमयागार आणि आचारी असे एकूण आठ धंदे आहेत आणि एकाच माणसाला आठही शिकता येतात. बारा बलुतेदारांपैकी आठजण एकाच बाईत! मी आठही शिकले. सहा-सात महिने लागले.

वस्तू बनवताना समोर तीन आकडे असतात. प्रगती, दर्जा आणि टिकाऊपणा. प्रगती पूर्ण भरली की वस्तू तयार. दर्जा जितका भरेल तितकी ती वस्तू उच्च दर्जाची, म्हणजे एचक्यू, होण्याची शक्यता जास्त. आणि टिकाऊपणा हा सगळ्या दुखण्याचं मूळ. तो सत्तर-ऐंशीपासून सुरू होतो आणि प्रगतीसाठी घाव घाला नाहीतर दर्जासाठी हात फिरवा, दरवेळी दहाने कमी होतो. प्रगती पूर्ण व्हायच्या आत शून्यावर आला की वस्तू फुटली. वर सीपी नावाची एक शिल्लक असते, सगळ्या चांगल्या युक्त्या तिच्यातून खर्च होतात. टिकाऊपणाची डागडुजी करायची तर ८८ सीपी मोजायचे आणि त्याबदल्यात परत मिळणार ३०, म्हणजे तीनच घाव. माझ्याकडे तेव्हा जेमतेम पाचशे सीपी होते. महिन्याच्या पंचवीस तारखेचा हिशोब ज्यांनी केलाय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

दर्जा वाढवण्याची निम्मी तयारी भट्टीपुढे बसायच्या आधीच होते. साहित्यातले सुटे भाग स्वतःच एचक्यू असतील तर दर्जाची पट्टी सुरुवातीलाच थोडी भरलेली मिळते. पोटात चांगलं अन्न हवं, त्याचा असर अर्धा तास टिकतो. अंगावरच्या कपड्यांत आणि अवजारांत मटेरिया नावाचे खडे बसवायचे. ठरलेल्या जागांपेक्षा जास्त खडे ठोकायला गेलं की बसण्याची शक्यता घसरत घसरत पार पाच टक्क्यांवर येते आणि नाही बसला तर खडा फुटतो. एका टोपीपायी माझे एकोणतीस खडे फुटले होते. हे कुणाला सांगितलेलं नाही.

मग प्रत्यक्ष काम. प्रत्येक यशस्वी हातागणिक पुढचा हात जास्त परिणामकारक होत जातो, म्हणून सुरुवातीला छोटे छोटे हात फिरवायचे, जोर साठवायचा आणि अगदी शेवटी दुप्पट असर देणारी युक्ती लावून साठलेला सगळा जोर एकाच हातात ओतायचा. मधेमधे नशीबही डोकावतं. कधी स्थिती 'चांगली' होते, तेव्हा हात दीडपट लागू पडतो. क्वचित 'उत्कृष्ट' होते, तेव्हा चौपट! पण उत्कृष्टनंतरची पायरी हमखास 'वाईट', तिथे निम्माच असर. (हा नियम करणारा माणूस आपल्याकडचा असावा असं मला फार दिवस वाटत होतं.)

यातली खरी गोम मात्र वेगळीच आहे. दर्जाची पट्टी अर्धी भरली म्हणजे एचक्यूची शक्यता पन्नास टक्के, असं नसतं. ती बराच वेळ खालीच रांगत राहते आणि शेवटच्या टप्प्यात झपाझप वर चढते. त्यामुळे आधीच्या दहा हातांनी जे झालं नाही ते शेवटच्या एका हाताने होतं. आणि नेमक्या त्याच वेळी टिकाऊपणा संपत आलेला असतो.

डिसेंबर २०२० मध्ये खेळात नवा भाग आला, पॅच ५.४. नवा भाग आला की नव्या मोठ्या लढाया येतात आणि पहिल्या आठवड्यात त्या लढायच्या तर कारागिरांनी बनवलेलीच चिलखतं लागतात. भाच्याचा आठ जणांचा गट ठरलेला. तो सगळ्यांच्या पुढे उभा राहून मार खाणारा, त्यामुळे चिलखत त्याला सगळ्यात आधी हवं. साहित्य त्यानेच जमवलं. त्यातलं काही खनिज खेळातल्या घड्याळाप्रमाणे ठरलेल्या तासांनाच खणता येतं आणि तिथला एक अख्खा दिवस आपल्या सत्तर मिनिटांचा. म्हणजे दर थोड्या वेळाने उठून खणायला जायचं. कॉलेज बंद, पोरगं नागपूरला घरी, तीन रात्री जागला. मग सगळं माझ्या हवाली करून म्हणाला, "मावशी, आता तू आणि तुझा हातोडा. मी झोपतो."

साहित्य न घालता नुसता सराव करायची सोय खेळात आहे. मी तीनदा सराव केला, तिन्ही वेळा छान जमलं. मग खरं काम काढलं. अगदी शेवटापर्यंत नीट चाललं होतं. टिकाऊपणा १० उरलेला, प्रगतीला एकच घाव कमी आणि एचक्यूची शक्यता ८७ टक्के. तेवढ्यात स्थिती 'चांगली' झाली. टिकाऊपणाचा खर्च निम्मा करणारी एक युक्ती मी मघाशी लावली होती. म्हणजे हात फिरवला तर पाचच कमी होतील, पाच उरतील, मग शेवटचा घाव. शंभर टक्के! मी हात फिरवला.

ती युक्ती आधीच्या पायरीलाच संपली होती. वर तिचं छोटं चित्र असतं, ते गेलेलं मी पाहिलंच नाही. दहा गेले, शून्य उरलं आणि चिलखत फुटलं.

घरात सगळे झोपलेले. मी पडद्याकडे बघत बसले होते. खरं तर तेव्हाच दोन ओळी लिहून ठेवायच्या होत्या. त्याऐवजी मी काय केलं, तर बाजारात गेले. तेच चिलखत, एचक्यू, कुणीतरी विकायला ठेवलेलं होतं. पहिल्या आठवड्याचा भाव! वर्षभर साठवलेले माझे जवळजवळ सगळे गिल गेले. सकाळी त्याच्या हातात चिलखत दिलं. तो "भारी!!" म्हणाला आणि मी "अरे, त्यात काय" म्हणाले.

माझा युक्तिवाद असा होता, की या खेळात एचक्यू म्हणजे एचक्यू. पट्टी शंभर टक्के भरून झालेलं असो की ८७ वर नशिबाने लागलेलं असो, माझं असो की कुणा परक्याचं, आकडे तंतोतंत तेच. एका गुणाचाही फरक नाही. नुकसान झालं ते माझं झालं, त्याला हवी ती वस्तू हव्या त्या दर्जाची मिळाली. झाकली मूठ.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. चिलखतावर माउस नेला की माहितीच्या तळाशी, बनवणाऱ्याचं नाव येतं.

पंधरा दिवसांनी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, माझ्या चिलखतावर दुसऱ्याच कुणाचं नाव कसं गं?" आणि मी (वय वर्षे सत्तेचाळीस) लिहिलं, "हो का? बघते हं." अर्धा तास गेला. मग फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला पहिल्याच संध्याकाळी दिसलं होतं, वाटलं तू सांगशील. मी म्हटलं, अरे पण आकडे तेच आहेत ना? "आकडे तेच आहेत गं. पण मी गटात सगळ्यांना सांगितलं होतं, मावशीने बनवलंय म्हणून." आणि मग, "फुटलं तर फुटलं. मी परत खणलं असतं."

यावर मला काही बोलता आलं नाही. आपण ज्याला झळ लागू नये म्हणून एवढं केलं, त्याला ती झळ चालणार होती. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. कारण खरं सांगायचं तर त्याची काळजी निम्मीच होती. निम्मी भीती होती ती "मावशीचा हात पक्का" हे जे गटात पसरलं होतं, ते जाईल याची.

त्यानंतर मी मॅक्रोवर गेले. मॅक्रो म्हणजे पंधरा ओळींची लेखी आज्ञा, कोणती युक्ती कधी आणि मधे किती सेकंद थांबायचं ते सगळं त्यात. बटण दाबायचं आणि दुधाकडे बघायला जायचं. मॅक्रोला स्थिती चांगली की वाईट ते दिसत नाही, म्हणून मोहही होत नाही. कपडे-अवजारं पुरेशी चांगली असली की दरवेळी शंभर टक्के. दोन-अडीच वर्षांत मी असे शेकड्याने नग काढले, भाच्याच्या गटातल्या आठही जणांना सजवलं. सगळ्यांवर तळाशी माझंच नाव. पण ती वस्तू घडताना मी दुधाकडे बघत होते आणि त्या पंधरा ओळीही मूळ माझ्या नाहीत, कुणीतरी बसून हिशोब करून लिहिलेल्या. मी उतरवून घेतल्या. मॅक्रोला नावं ठेवायची नाहीत मला, शंभर पावशेर खिळे हातानं वळण्यात कसलाही मोठेपणा नाही. पण अशा वस्तूवर आपलं नाव वाचताना जरा ओशाळल्यासारखं होतं खरं.

मधे भाच्याला नोकरी लागली, त्याचं खेळणं सुटलं, गट पांगला. मी अधूनमधून जात राहिले. २०२४ मध्ये डॉनट्रेल आला तेव्हाही त्याला वेळ नव्हता. आणि आता परवा हा फोन. परत सुरू करतोय, एक तलवार हवी आहे.

जाऊबाई गेल्यावर बसले. मॅक्रो तयार होता, तो लावला नाही. का, ते मलाही धड सांगता येणार नाही. साहित्य या वेळी माझं मीच जमवलं होतं. सवय गेलेली, त्यामुळे सुरुवातीलाच दोन हात वाया गेले आणि सीपी लवकर आटले. शेवटी परत तोच देखावा! टिकाऊपणा १०, प्रगतीला एक घाव बाकी, शक्यता ९१ टक्के. स्थिती 'चांगली' नव्हती, साधीच होती, तरी बोट त्या दर्जाच्या बटणावर गेलंच. वर चित्रांच्या ओळीत पाहिलं. कुठलीही युक्ती शिल्लक नव्हती.

शेवटचा घाव घातला. तलवार झाली. एचक्यू नाही, साधी.

नऊ टक्के! लगेच त्याला कळवलं, साधीच झाली रे, पाहिजे तर उद्या दुसरी बनवते. त्याचं उत्तर रात्री उशिरा आलं. "चालेल. पाठव. आधी मला बटणं आठवतायत का ते बघायचंय."

मूगलच्या टपालाने पाठवून दिली. त्याची या आठवड्यात रात्रपाळी आहे, अजून ऑनलाइन दिसलेला नाही.