बेकर स्ट्रीटचा रुसवा

आत्याच्या घरातला टीव्ही खिडकीला काटकोनात ठेवलेला आहे, त्यामुळे पावसाळ्यात त्याच्या काचेवर दोन गोष्टी एकदम दिसतात. आत चाललेलं चित्र, आणि बाहेर अजिंक्यताऱ्यावरून उतरत उतरत अंगणापर्यंत आलेला पाऊस. २०११ च्या श्रावणात मी पुण्याहून एक डीव्हीडीचा संच घेऊन साताऱ्याला गेले होते. बीबीसीची ‘शेरलॉक’. दुपारची वेळ, ताकाची वाटी अजून तिच्या हातात, आणि काचेवर लंडनच्या ओल्या रस्त्यांत आमच्या अंगणातली तगर हलत होती. तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर मेसेज आला आणि त्याची अक्षरं थेट पडद्यावर, माणसांच्या डोक्यांशेजारी, हवेत तरंगायला लागली. आत्याने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. लांब गडद ओव्हरकोटातला, गालफडं वर आलेला एक तरुण चालत आला.

“हा कोण गं?”

“होम्स.”

“कुठला होम्स?”

“तुझाच.”

ती काही बोलली नाही. वाटी खाली ठेवली, पदराने चष्मा पुसला, आणि सून पसंत करायला बसलेल्या वडीलधाऱ्या बाईसारखी त्याला निरखू लागली.

तिचा होम्स भालबा केळकरांनी मराठीत आणलेला. नगर वाचनालयातून घरी यायचा तो खाकी कागदाच्या कव्हरात, कडा मऊ पडलेल्या, मधल्या पानावर कुणीतरी सांडलेल्या चहाचा डाग घेऊन. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि लंडन तिने पाहिलं नव्हतं, मुंबईही नव्हती पाहिली, त्यामुळे होम्सची घोडागाडी तिच्या मनात राजवाड्यापुढच्या टांग्यासारखी उभी राहायची, फायरप्लेसच्या जागी माजघरातली कोळशाची शेगडी धगधगायची, आणि लंडनचं ते प्रसिद्ध धुकं तिला मुळीच अवघड गेलं नाही, कारण पाचगणीला मावशीकडे गेलं की सकाळी दाराबाहेर अगदी तस्संच धुकं उभं असायचं, दार उघडलं की घरात येणारं. बेकर स्ट्रीट असा साताऱ्यातच कुठेतरी होता. एखाद्या बोळाच्या टोकाला, वळणापलीकडे.

आता त्या बोळातून हा मोबाइलवाला बाहेर आला होता.

पुढे आत्याने पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढली. खिडकीला पितळी गज, समोर हातभर उंचीचं भोक, आणि त्या भोकातून दिवसभर येत राहणारे हात. माणसांचे चेहरे तिला गजांमुळे तुकड्यातुकड्यांनी दिसायचे, पण हात पूर्ण दिसायचे. चुन्याने सालपटं निघालेले गवंड्याचे हात, हळदीने पिवळी झालेली नखं, मनीऑर्डरचा फॉर्म भरताना नेमकं घेणाऱ्याच्या नावापाशी थबकणारं पेन. रात्री जेवताना ती सहज म्हणायची, “त्या गवंड्याने आज घरी वीस रुपये जास्त पाठवले. पोरीचं काहीतरी ठरतंय त्याच्या.” दोन महिन्यांनी तो पेढे घेऊन खिडकीशी यायचा. आम्हाला वाटायचं, आत्याला जादू येते. तिला वाटायचं, यात काय विशेष. नीट बघितलं की दिसतंच.

म्हणून त्या दुपारी, टॅक्सीत बसलेला तो नवा होम्स डॉक्टर वॉटसनचा मोबाइल हातात घेऊन वाचायला लागला, तेव्हा ती सावरून बसली. मूळ कथेत, १८९० च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये, तिथे खिशातलं घड्याळ आहे. किल्ली द्यायच्या भोकाभोवती ओरखडे आहेत, आणि त्या ओरखड्यांवरून होम्स सांगतो की या घड्याळाचा आधीचा मालक रोज रात्री दारूने थरथरत्या हातांनी ते भोक शोधत असणार. इथे घड्याळाच्या जागी मोबाइल आणि किल्लीच्या जागी चार्जर. ओरखडे मात्र तेच. शंभरावर वर्षं ओलांडून, पितळेवरून प्लास्टिकवर, त्याच थरथरत्या हाताचे तेच केसाएवढे ओरखडे.

“घड्याळ!” आत्या म्हणाली. “अगं, हे ते घड्याळ आहे!”

आणि तिच्या तोंडावर जे उमटलं ते मी फार कमी वेळा पाहिलेलं आहे. एसटी स्टँडवरच्या गर्दीत, पन्नास वर्षांनी, पाठमोऱ्या चालीवरून शाळेतली मैत्रीण ओळखू यावी तसं काहीतरी. मग होम्स ठामपणे म्हणाला की हा फोन वॉटसनच्या भावाचा, कारण पुस्तकात भाऊच आहे. आत्याने मान डोलावली. आणि थोड्या वेळाने कळलं की भाऊ नाही, ती बहीण आहे. हॅरी म्हणजे हॅरिएट. आत्या टाळी वाजवून हसली. आणखी एका पुस्तकात भिंतीवर रक्ताने लिहिलेली पाच इंग्रजी अक्षरं असतात, पोलिसांना वाटतं रेचल हे नाव अर्धवट राहिलं, आणि होम्स सांगतो की हा जर्मन शब्द आहे, अर्थ सूड. इथे पोलिसांचा माणूस जर्मन अर्थ सांगतो आणि होम्स त्याला उडवून लावतो. ते नावच असतं. पुस्तक पाठ असलेल्या माणसालाच नेमका चकवा बसावा अशी ती मांडणी, आणि चकवा बसलेला माणूस असा खूश, की जणू त्याला मुद्दाम बोलावून घेऊन, पाट मांडून, फसवलेलं आहे.

मला कीर्तन आठवलं. धनुष्य कोण मोडणार हे देवळातल्या शेवटच्या खांबाला टेकून पेंगणाऱ्या पोरालाही माहीत असतं, तरी बुवा उपरणं सावरून ‘आणि मग’ म्हणाले की सगळी सभा जागी होते, कारण आज बुवा ते कसं मोडणार हे कुणालाच माहीत नसतं. माहीत असणं आणि थक्क होणं या दोन गोष्टी एकाच मांडीवर बसू शकतात. पुस्तकातला तीन चिलमींचा प्रश्न इथे दंडाखाली चिकटवलेल्या निकोटिनच्या तीन पट्ट्यांचा झाला, अफगाणिस्तानातून जखमी होऊन परतलेला वॉटसन सव्वाशे वर्षांनी पुन्हा अफगाणिस्तानातूनच जखमी होऊन परतला, आणि आत्या प्रत्येक खूण ओळखून बोटं मोडत गेली. दुपारची संध्याकाळ झाली. तगर काचेवरून पुसली गेली.

दुसऱ्या संचाच्या अखेरीस होम्स पडला.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या गच्चीवरून, खाली उभ्या असलेल्या मित्राशी फोनवर बोलता बोलता, हात पसरून. आत्याला पुस्तक ठाऊक होतं. स्वित्झर्लंडचा तो रायशेनबाखचा धबधबा, ती झटापट, आणि नंतरचं परत येणं, सगळं ठाऊक होतं. तरी ती बराच वेळ बोलली नाही. मग उठून देवापाशी दिवा लावला, तो नेहमीच लावते, पण त्या दिवशी जरा लवकर लावला. रात्री म्हणाली, “मरत नाही तो. मला माहीत्ये. पण त्या डॉक्टरला कुठे माहीत्ये?”

तो भाग इंग्लंडात १५ जानेवारी २०१२ ला दाखवला गेला होता. “संक्रांतीला?” आत्याने विचारलं. आयुष्यभर तारखेचे शिक्के मारलेल्या बाईला तारीख आधी दिसते. त्यानंतर लोकांनी काय काय केलं ते मी तिला सांगितलं. त्या हॉस्पिटलबाहेरच्या लाल टेलिफोन बूथमध्ये माणसं चिठ्ठ्या चिकटवून गेली होती, आमचा तुझ्यावर विश्वास आहे अशा, नसलेल्या माणसाला लिहिलेल्या. मी ते फक्त फोटोत पाहिलं. काचेच्या आतून चिकटलेले चौकोनी कागद, निळी-काळी शाई, एकावर एक. “तिकीट नाही, पत्ता नाही,” आत्या म्हणाली, “आणि तरी टाकलंय बघ पत्र.” आणि बाकीचे लोक पुरावे शोधत बसले. तो ट्रक तिथे का उभा होता, सायकलवाल्याने वॉटसनला नेमकं तेव्हाच का पाडलं, काखेत चेंडू दाबला तर मनगटाची नाडी थांबते का. दोन वर्षं जगभरची माणसं एका पडण्याकडे पुन्हा पुन्हा बघत राहिली. ज्याने बघायला शिकवलं, त्यालाच परत मिळवण्यासाठी बघत राहिली.

हे पहिल्यांदा होत नव्हतं. १८९३ च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात आर्थर कॉनन डॉयलने होम्सला त्या धबधब्यात लोटलं, तेव्हा वीस हजारांहून जास्त वर्गणीदारांनी मासिक बंद केलं असं सांगतात. लंडनच्या तरुणांनी हॅटवर काळी फीत बांधली असंही सांगतात. ते बहुधा सांगण्यापुरतंच. पण शिव्याशाप देणारी पत्रं लेखकाच्या घरी गेली हे नक्की, त्यानेच ते लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षी त्याचे वडील गेले होते आणि त्याच वर्षी त्याच्या बायकोला क्षय असल्याचं निदान झालं होतं. एका घरात खरी खोकल्याची उबळ, आणि दारातून आत पडणारी पाकिटं मात्र सगळी त्या माणसासाठी रडणारी, जो कधी नव्हताच. डॉयलने ती पाकिटं कशी उघडली असतील? टेबलावरच्या दिव्याखाली, एकेक करून? की ढीग तसाच राहिला असेल, शेजारच्या खोलीतला आवाज ऐकत?

मला त्या वाचकांचा राग येत नाही. कारण त्यांचा तो रागच नव्हता. आपल्याकडे त्याला वेगळा शब्द आहे. रागावता कुणावरही येतं, रिक्षावाल्यावर, सरकारवर, उन्हावर. रुसता मात्र फक्त आपल्या माणसावर येतं. रुसणारा दाराकडे पाठ करून बसतो, आणि कान दाराशीच ठेवतो.

तो परत आला १ जानेवारी २०१४ ला. मौज अशी की त्या भागात प्रेक्षकच कथेत येऊन बसले होते. तो कसा वाचला याचे तर्क लढवणारी एक मंडळीच होती त्यात, आणि होम्स खुलासा करतो तेव्हा ऐकणारा माणूस नाक मुरडतो, म्हणतो मला वाटलं होतं याहून काहीतरी भारी असेल. आत्या खो खो हसली. “हे आपल्याला म्हणतायत बरं का!”

पण २०१७ साली ती हसली नाही. होम्सला एक लपवलेली बहीण निघाली, समुद्रातल्या बेटावर कैद केलेली. स्फोट झाले, बेकर स्ट्रीटच्या खिडक्या उडाल्या, कोडी आली, काचा आल्या, विहीर आली. शेवटचा भाग प्रसारित झाला होता १५ जानेवारीला, त्या पडण्याला बरोब्बर पाच वर्षं होत होती. “करिदिन,” आत्या म्हणाली, आणि उठून दूध तापवायला गेली. खूप लोक नाराज झाले होते, त्यांची कारणंही मी वाचली होती, फार गुंतागुंत, फार चमत्कार, फार दिमाख. आत्याचं कारण एकच होतं. ओट्याशी पाठमोरी उभी राहून, दुधाच्या सायीकडे बघत ती म्हणाली,

“आता तो माणसांचे हात बघत नाही गं.”

साडेसहा वर्षांत तेरा भाग. ती मालिका त्यानंतर पुढे गेली नाही, आणि आत्याही तिचं नाव काढेनाशी झाली. डीव्हीडीचा संच कपाटात, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यामागे गेला. माझंही साताऱ्याला जाणं कमी झालं. पुणे काही लांब नाही, पण लांब नसलेल्या गोष्टीच राहून जातात. फोन करायचे, दोन मिनिटं, पाऊस आहे का, औषधं घेतलीस का. तिकडून हो, हो. त्या ‘हो’मध्ये पाठ केलेली एक बाई बसलेली आहे, हे मला ऐकू यायचं. कान दाराशी.

गेल्या पावसाळ्यात गेले. ती थकली आहे, पण डोळे तेच. जेवण झाल्यावर, काही न विचारता, तिने कपाट उघडलं आणि गठ्ठ्यामागून तो संच काढला. “पहिलाच लाव,” म्हणाली. काचेवर पुन्हा लंडन आणि तगर. टॅक्सी. थरथरत्या हाताचे ओरखडे. ती तसंच सावरून बसली, जणू पहिल्यांदाच बघते आहे, आणि त्याच जागी तिच्या तोंडावर तेच उमटलं.

मग तिचं लक्ष पडद्यावरून सुटलं. शेजारी पलंगावर माझा मोबाइल उपडा पडला होता. तिने तो उचलला, चष्म्याच्या खालच्या भागातून, पोस्टाच्या त्या भोकातून हात बघायची तसा, कडेने फिरवून बघितला. चार्जर लावायच्या जागेभोवती बारीक बारीक रेघा होत्या. मला त्या कधी दिसल्या नव्हत्या.

“दारू तर तू पीत नाहीस,” ती म्हणाली.

पाऊस जरा वाढला होता.

“अंधारात चाचपडत लावतेस. रोज.” तिने फोन अलगद माझ्या मांडीवर ठेवला. “किती महिने झोप नाही गं तुला?”